नाकाला पावडर

रस्त्याच्या मध्यावर मी सहज मागं पाहिलं आणि काळी छत्री थांबली.

मे महिन्यातली नागपूरची दुपार. सिव्हिल लाइन्सच्या त्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. डांबर मऊ होऊन चपलेला चिकटत होतं. पुढं मी, आणि मागं बरंच अंतर ठेवून ती छत्री. मी चालायला लागले की तीही चालायची. चेहरा छत्रीत बुडालेला होता, पण खालची पांढरी विजार आणि तपकिरी बूट मी ओळखले. आमच्याच ऑफिसातला नाकाडे. सलग तिसऱ्या दुपारी तो माझ्या मागं होता.

मी पदर डोक्यावर ओढला आणि पाय उचलले. कोपऱ्यावर वळले, बोळात शिरले आणि भागचंद सेठच्या बंगल्याच्या मागच्या फाटकातून आत गेले. फाटक लावून घेताना फटीतून पाहिलं. नाकाडे बोळाच्या तोंडाशी उभा होता. आत येत नव्हता, परतही जात नव्हता. नुसता बघत होता.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. एकटी पोरगी, ओस रस्ता आणि मागं येणारा पुरुष म्हटल्यावर दुसरं काय येणार? घरी सांगायची सोय नव्हती. वडील गेल्यापासून माझ्या पगारावर घर चालत होतं, धाकट्या भावाचं, पद्माकरचं कॉलेज चालू होतं. आई रोज जेवताना विचारायची, "शरयू, ऑफिसात सगळे नीट वागतात नं?" मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्याच दिवसापासून माझं ऑफिस बंद झालं असतं. म्हणून मी रोज "हो" म्हणायची.

ही १९६४ सालची गोष्ट. मँगनीजची निर्यात करणाऱ्या एका इंग्रजी कंपनीत मी स्टेनो होते. ऑफिस म्हणजे साहेबांच्या जमान्यातला बैठा बंगला. जाड भिंती, दारांना वाळ्याच्या ताट्या, त्यांच्यावर दिवसभर पाणी मारणारा शिपाई. वर मिस्टर लॉयड हे एकच इंग्रज साहेब उरले होते. बाकी सगळा कारभार हेडक्लार्क बक्षीसाहेबांच्या हातात. आणि बायका दोनच. मी, आणि कामठीची अँग्लो-इंडियन मिस डोरोथी ग्रीन. तिच्या हाताखाली मी शिकले.

टायपिंग मला येत होतं. मिस ग्रीननं मला बोलायला शिकवलं. पहिल्याच आठवड्यात मी तिच्या कानाशी लागून 'लॅट्रिन कुठं आहे' असं विचारलं, तर तिनं डोळेच मिटून घेतले.

"नेव्हर, माय गर्ल! तो शब्द हमालांचा. लेडी म्हणते, 'मे आय बी एक्सक्यूज्ड?' नाहीतर 'आय वुड लाइक टू वॉश माय हँड्स.' आणि पुरुष बसलेले असले तर, 'आय मस्ट पावडर माय नोज.'"

"नाकाला पावडर?"

"जंटलमनला बरोबर समजतं. समजलं की तो पुढं एक अक्षर विचारत नाही. त्यासाठीच तर ते शब्द आहेत."

जंटलमनला समजत असेल. बक्षीसाहेबांचं इंग्रजी मात्र कंपनीच्या पत्रव्यवहारावर पोसलेलं होतं. 'युअर्स ऑफ द फिफ्टीन्थ इन्स्टंट' अशी पत्राची सुरुवात त्यांना झोपेतही करता यायची, पण साहेब जेवताना काय बोलतात ते त्यांच्या कानावरच नव्हतं. एकदा लॉयडसाहेब बैठकीतून उठताना "मला एका माणसाला कुत्र्याबद्दल भेटायचंय" असं इंग्रजीत पुटपुटून बाथरूमकडं गेले. दुसऱ्या दिवशी बक्षीसाहेबांनी सदर बाजारातून एक माणूस अल्सेशियनच्या पिल्लासकट ऑफिसात हजर केला. साहेबांनी पिल्लाच्या डोक्यावरून हात फिरवला, माणसाचे आभार मानले आणि खुलासा काही केला नाही. मिस ग्रीन त्या दिवशी तोंडात रुमाल कोंबून हसली.

ती होती तोवर मला काही अडचण नव्हती. बंगल्याच्या मागच्या अंगाला जुन्या मेमसाहेबांची न्हाणी होती, ती आम्ही दोघी वापरायचो. मार्चमध्ये मिस ग्रीन निवृत्त होऊन बहिणीकडं बंगलोरला गेली. पुढच्या सोमवारी मी मागं गेले तर न्हाणीला कुलूप. आत लाकडी मांडण्या लावून निविदांच्या फायली रचल्या होत्या. रेकॉर्ड रूम झाली होती तिची. किल्ली बक्षीसाहेबांच्या जानव्याला.

मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. आजूबाजूला आठ-दहा पुरुष खाली मान घालून लिहीत होते.

"बक्षीसाहेब, मे आय बी एक्सक्यूज्ड?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कशाबद्दल? काय चुकलं?"

"नाही, म्हणजे... आय वुड लाइक टू वॉश माय हँड्स."

"मग धुवा नं. व्हरांड्यात माठ आहे."

मी व्हरांड्यात गेले, हात धुतले आणि परत येऊन बसले. करणार काय? पुरुषांसाठी मागच्या भिंतीशी पत्र्याचा आडोसा होता. तिथं ते दोघं-तिघं मिळून जायचे, बोलत बोलत यायचे. त्याबद्दल कुणाला कुठल्याच भाषेत परवानगी मागावी लागत नव्हती.

मी सकाळचा चहा सोडला. मग पाणी सोडलं. नागपुरातल्या उन्हाळ्यात पाणी न पिता टाईप करत बसलं तर दुपारपर्यंत अक्षरं हलायला लागतात. एका दुपारी पोटात अशी कळ आली की मी सरळ उठले.

"कुठं चालल्या बाई?" बक्षीसाहेबांनी विचारलं.

सगळ्यांच्या माना वर झाल्या. मी म्हणाले, "आय मस्ट पावडर माय नोज."

"पावडर?" ते म्हणाले. "ऑफिसच्या टायमात?"

मी थांबले नाही. कुठं जायचं ते ठरवलंही नव्हतं. रस्ता ओलांडला, बोळात शिरले आणि एका फाटकाला धरून उभी राहिले. पुढं एक पाऊलही टाकवत नव्हतं. आत घुंघट घेतलेली एक बाई धुणं वाळत घालत होती. तिनं माझ्याकडं पाहिलं. कोण, काय, कुणाची, काही विचारलं नाही. हातातली ओली साडी तशीच दोरीवर टाकली, फाटक उघडलं आणि बागेच्या टोकाकडं बोट दाखवलं. बाहेर आले तेव्हा ती पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. "हात धू लो," म्हणाली. आणि मी खरोखरच हात धुतले.

ती सुगनाबाई, भागचंद सेठची थोरली सून. त्या दिवसापासून दुपारी मी तिच्याकडं जायला लागले. भागचंद सेठ मँगनीजचाच व्यापारी, आमच्या कंपनीचा पक्का वैरी, हे मला माहीत होतं. बंगल्याच्या पुढच्या दारावर पाटी होती. मागच्या फाटकावर नव्हती. मी मागच्या फाटकानं जात होते.

आणि आता त्या फाटकापर्यंत नाकाडेची छत्री आली होती.

चौथ्या दिवशी मी त्याला व्हरांड्यात गाठलं. "तुम्ही माझ्या मागं काहून येता?"

नाकाडे गोडसं हसला. भांग सरळ, सदऱ्याची कॉलर कडक, बोलणं नेहमी हळू. "मी? तुमच्या मागं? रस्ता काय एकट्याचा असतो, मिस हरकरे?" आणि थोडं थांबून म्हणाला, "तुम्ही मात्र जपून जात जा. लोक बघतात."

ते 'लोक बघतात' मला रात्रभर टोचत राहिलं. त्याचा सूर मवाल्याचा नव्हता, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली. याला माझ्याकडून वेगळंच काहीतरी हवं होतं, पण काय ते कळेना. ऑफिसातही काहीतरी बदललं होतं. मी आले की बोलणं थांबायचं. माझ्या टेबलावरचे कार्बन पेपर बक्षीसाहेब स्वतः मोजून घेऊन जायला लागले. एकदा तर मी डबा खात असताना शिपाई माझी पिशवी पायानं जरा सरकवून आत डोकावला.

त्या आठवड्याच्या शेवटी मला साहेबांच्या खोलीत बोलावणं आलं.

लॉयडसाहेब टेबलामागं बसले होते. बक्षीसाहेब बाजूला उभे, त्यांच्या मागं नाकाडे. मला कुणी बस म्हणालं नाही.

"मिस हरकरे," साहेब इंग्रजीत म्हणाले, "एप्रिलपासून आपल्या दोन निविदा गेल्या. दोन्ही वेळा भागचंदचा भाव आपल्याहून केसभर कमी होता. असा अंदाज कुणाला बांधता येत नाही. त्याला आपले भाव कळतायत."

तरीही माझ्या लक्षात येईना. बक्षीसाहेबांनी पुढचं मराठीत सांगितलं. "भाव कोणाला ठाऊक? साहेबांना, मला, आणि टाईप करणाऱ्या तुम्हाला. फाईल कुलपात, किल्ली माझ्या अंगावर. आणि तुम्ही रोज दुपारी भागचंदच्या घरी. या नाकाडेनं डोळ्यांनी पाहिलंय. त्यालाच पहिल्यांदा शंका आली, म्हणून मी त्याला तुमच्यावर नजर ठेवायला सांगितलं."

पायाखालची जमीन सरकली म्हणतात, ते तेव्हा कळलं. नोकरी तर जातच होती. पण चोर म्हणून गेल्यावर नागपुरात मला दुसऱ्या दारात कोण उभं करणार होतं? आईला मी काय सांगणार होते?

"तुम्ही तिथं कशाला जाता, मिस हरकरे?" साहेबांनी विचारलं.

मी जिवाच्या आकांतानं मिस ग्रीनची लेडी झाले. "टू पावडर माय नोज, सर."

साहेबांचे कान लाल झाले. हातातलं पेन त्यांनी टेबलावर ठेवलं, पुन्हा उचललं. त्यांना समजलं होतं, तिथल्या तिथं, अगदी स्वच्छ समजलं होतं. ते घाईघाईनं म्हणाले, "आय सी. ठीक आहे. दॅट विल बी ऑल. आपण हा विषय इथंच थांबवू."

"थांबवू कसा, सर?" बक्षीसाहेब कधी नव्हे ते साहेबांना आडवे गेले. "बाई दरवेळी नवं कारण सांगतात. कधी हात धुवायचे, कधी माफी मागायची, कधी पावडर लावायची. पावडर लावायला परक्याच्या घरी कोण जातं? यांच्याजवळ पावडरचा डबा नाही. मी पिशवी पाहायला लावली होती."

"बक्षी, प्लीज," साहेब खिडकीकडं बघत म्हणाले. "मिस हरकरे, तुम्ही जाऊ शकता."

म्हणजे मी सुटले होते. पण कशी सुटले होते? साहेब अवघडून गप्प बसणार. बक्षीसाहेबांना वाटणार, साहेबांनी बाईमाणूस म्हणून दया केली. आणि बाहेरच्या आठ-दहा टेबलांवर संध्याकाळपर्यंत मी चोरच ठरणार. नाकाडे खाली बघत होता. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात मला हसू दिसलं.

मी दाराकडं गेले नाही. बक्षीसाहेबांकडं वळले.

"बक्षीसाहेब, मी तिथं मुतायला जाते."

आमच्या घरात हा शब्द मोठ्यानं कुणी उच्चारत नसे. साहेबांच्या खोलीत तो पितळी भांडं पडावं तसा वाजला. बक्षीसाहेबांचा आवाज अगदी बारीक झाला.

"मग हे... हे आधी काहून नाही सांगितलं?"

"सांगितलं होतं. रोज सांगत होते. इंग्रजीत."

ते माझ्याकडं बघत राहिले. हात धुणं, माफी, पावडर, एकेक गोष्ट त्यांच्या डोक्यात उलटी फिरताना मला दिसत होती. आता थांबणं माझ्या हातात नव्हतं.

"तुम्ही सगळे मागच्या भिंतीकडं जाता. मी कुठं जायचं? न्हाणीला तुम्ही कुलूप घातलं. मी मार्चपासून ऑफिसात पाण्याचा थेंब घेत नाही. सांगा नं, मी कुठं जाऊ?"

"बक्षी," साहेब म्हणाले, "काय म्हणतायत त्या?"

बक्षीसाहेबांनी धोतराच्या सोग्यानं कपाळ पुसलं. "सर, शी सेज... शी गोज फॉर... नंबर वन, सर."

"ते मला मघाशीच समजलं. त्यानंतर काय म्हणाल्या?"

"त्यानंतर..." बक्षीसाहेब अडखळले. "त्या विचारतायत, सर, की त्यांनी जायचं कुठं."

साहेबांच्या चेहऱ्यावरची लाली उतरली. इतका वेळ त्यांना माझे शब्द कळले होते, पण त्यात एक प्रश्नही आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते उठून उभे राहिले.

"मिस ग्रीनसाठी बाथरूम होतं. ते कधी बंद झालं?"

"मार्चमध्ये, सर. फायलींना जागा नव्हती. नाकाडे म्हणाला, ती जागा रिकामीच आहे. मांडण्या वगैरे सगळं त्यानंच लावून घेतलं."

"उघडा."

आम्ही चौघं मागं गेलो. बक्षीसाहेबांनी सदऱ्यात हात घालून किल्ली काढली. आत कागदाचा आणि ओलीचा वास होता. साहेब दारातच थांबले आणि समोरच्या मांडणीकडं बघत म्हणाले, "मागं सफाईवाल्याचं दार होतं. त्याचं काय केलं?"

जुन्या बंगल्यांतून न्हाणीला बाहेरून एक बुटकं दार असायचं. सफाईवाला त्यातून यायचा, भांडं उचलायचा आणि कुणाच्या नजरेस न पडता जायचा. आमच्याकडंही ते होतं. मीही ते पाहिलं होतं, बक्षीसाहेबांनीही पाहिलं होतं. पण त्या दाराबद्दल बोलायची पद्धत नव्हती, म्हणून कुणी बोललं नव्हतं.

मांडणी त्या दाराला लागूनच उभी होती. वरचे कप्पे फायलींनी गच्च भरलेले. सगळ्यात खालचा कप्पा मात्र मोकळा. साहेब गुडघ्यावर बसले, आत हात घालून त्यांनी दार ढकललं. ते आवाज न करता उघडलं आणि आत ऊन आलं. कडी काढलेली होती. बिजागऱ्यांना ताजं तेल होतं. बाहेर वाळक्या गवतात माणसाच्या येण्याजाण्यानं पायवाट पडली होती.

साहेब गुडघे झटकत उठले. मग नाकाडे नेहमीसारखाच हळू म्हणाला, "मी जरा जाऊन येतो, साहेब."

कुठं, ते कुणी विचारलं नाही. तो व्हरांड्यातून गेला, खुंटीवरची छत्री घेतली, आणि त्यानंतर त्या ऑफिसात आलाच नाही. पावसाळ्यात तो भागचंद सेठच्या पेढीवर बसलेला लोकांना दिसला. पुढच्या दारानं जाणारा माणूस होता तो.

साहेबांनी माझी माफी मागितली. थोडक्यात, नजर जमिनीकडं ठेवून, पण मागितली. दुसऱ्याच दिवशी मजूर लागले. फायली बक्षीसाहेबांच्या खोलीत गेल्या, बुटक्या दाराच्या जागी वीट आली, आणि आत पाण्याचा नळ आणि साखळी ओढायची टाकी बसली.

सुगनाबाईला सांगायला मी मुद्दाम गेले. तिच्या मोडक्या मराठीत ती म्हणाली, "चांगला झाला, बाई." मग घुंघट जरा वर करून विचारलं, "तर आता तुम्ही नाही येणार?" माझ्याशिवाय त्या फाटकातून तिच्याकडं कुणीच येत नसावं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. अधूनमधून येईन, असं मी म्हणाले. एकदा गेलेही. पण सेठच्या घरात तोवर काही बोलणं झालं असावं. फाटकाला आतून कुलूप होतं.

बक्षीसाहेब माझ्याशी कामापुरतं बोलत राहिले. त्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पण त्यांच्या मनात काहीतरी घोळतंय असं वाटायचं. समोर यायचे, कागद ठेवायचे, दोन पावलं जायचे आणि पुन्हा मागं बघायचे. आता आणखी कसला संशय आलाय यांना, म्हणून मी अंग चोरून बसायची.

मग एका सोमवारी सगळे डबे खायला गेलेले असताना ते आले आणि टेबलापाशी उभे राहिले.

"माझी मंदाकिनी," ते म्हणाले. "तुमच्याहून एखाद्या वर्षानं लहान असेल. टायपिंगची परीक्षा पास आहे. मागच्या साली एका वकिलाच्या कचेरीत लागली होती. दोन महिन्यांत सोडून घरी बसली. कारण विचारलं तर म्हणे, जमत नाही. मी तिला वर्षभर आळशी म्हटलं. चार लोकांसमोर म्हटलं."

मी मशीनवरचे हात काढून घेतले.

"काल तिला नीट विचारलं," ते म्हणाले. "म्हणजे तुम्ही मला सांगितलं तसं, सरळ शब्दांत विचारलं. ती रडायलाच लागली."

त्यांनी चष्मा काढला, उगाच पुसला, पुन्हा घातला. "साहेबांना दुसरी टायपिस्ट हवीच आहे. पण माझीच मुलगी, मी कसं सुचवायचं? तुम्ही एक शब्द टाकाल का?"

मी टाकला.

जूनच्या अखेरीस मंदाकिनी बक्षी आली. बक्षीसाहेब तिला ऑफिसच्या दारापर्यंत घेऊन आले, आणि आत पाऊल टाकताच ती आपली कुणी नसल्यासारखे तडक स्वतःच्या टेबलाकडं गेले. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत तिथंच उभी राहिली. मी उठले, तिला हाताला धरून मागं नेलं आणि आधी न्हाणीचं दार दाखवलं. टाईपरायटर नंतर दाखवला.